दवाखान्याच्या पाटीपलीकडे

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुलेमुली अलीकडे फिजिओथेरपीच्या पदवीकडे वळू लागली आहेत. शिष्यवृत्तीच्या आधारावर चार-पाच वर्षे शिकून ती मेहरूणला परततात आणि पहिला प्रश्न कानी येतो, 'दवाखाना कधी टाकणार?' या प्रश्नात कौतुक आहे; भांडवलाचा विचार नाही. जागेची अनामत, यंत्रे, रुग्ण पाठविणाऱ्या डॉक्टरांशी ओळखी, यांपैकी काहीही आपल्या घरांत पिढीजात नसते. मग दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या वेतनावर राबणे, नाहीतर पदवी बाजूला ठेवून स्पर्धा परीक्षा देणे, एवढेच उरते असा समज होतो. तो मला मान्य नाही.

ही विद्या महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांतून आलेलीच नाही. पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे विद्यालय उभे राहिले. तेथेच कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले होते. खचलेल्या माणसाला पुन्हा कामावर उभे करणे, हा दोन्हींचा हेतू.

आणि काम पाहायचे तर खानदेशात ते ठायी ठायी आहे. रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड वाहणारे मजूर, जळगावच्या डाळ मिलमधील हमाल, चटई कारखान्यात तासन्‌तास उभे राहणारे कामगार. चाळिशीतच कितीकांची कंबर नि गुडघे हात टेकतात. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मांडलेल्या कारखाने दुरुस्ती विधेयकाने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९६९ च्या कायद्याने माथाडी कामगाराला मंडळाचे संरक्षण मिळाले. तास मोजले गेले, मजुरी मोजली गेली. पाठीवरचा भार पाठीच्या बाजूने मोजणारा माणूस मात्र क्वचितच दिसतो. पोते कसे उचलावे, थप्पी किती उंच लावावी, विश्रांती केव्हा द्यावी, हे सांगणे फिजिओथेरपिस्टचे काम आहे. महानगरांतील संगणक कंपन्या खुर्चीवर बसणाऱ्यांच्या मानेसाठी असा तज्ज्ञ बोलावतात. पोते वाहणाऱ्याची मान काय वेगळी असते?

दुसरे क्षेत्र बालकांचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत फिजिओथेरपिस्टचे पद आहे. पण अशी पदे बहुधा कंत्राटी असतात, आणि कंत्राटावर आयुष्य उभे राहत नाही. ती नियमित व्हावीत म्हणून आपण आवाज उठवलाच पाहिजे. खेळाच्या मैदानावरही वाव आहे (क्रिकेट संघाबरोबरचे अली इराणी जुन्या रसिकांना आठवतील), परंतु तेथील जागा थोड्या. अध्यापन, संशोधन, वृद्धांची घरपोच सेवा हे मार्ग तर आहेतच.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले. आता मागणी आपण करायची. माजी विद्यार्थी संघाने माथाडी मंडळाकडे व बाजार समितीकडे लेखी निवेदन द्यावे : महिन्यातून दोन दिवस हमालांच्या तपासणीसाठी मानधनावर एक फिजिओथेरपिस्ट नेमावा. निवेदनाचा मसुदा मी लिहून देईन. सह्या मात्र डाळ मिलच्या दारात उभे राहून गोळा कराव्या लागतील.