कपाटात ठेवलेला दगड

अभिजात सिनेमांच्या डिस्का जमवणाऱ्या सज्जनांनो, लिंबागणेशहून विचारतो : तुमच्या कपाटात नेमकं काय जमा झालंय?

सत्यजित रायांचा ‘सद्गती’ (१९८१) असेल. तापानं अशक्त झालेला दुखी चांभार बामणाच्या दारात लाकूड फोडता फोडता मरतो. शिवाशिव नको म्हणून बामण प्रेत दोरीनं ओढत नेतो. तुम्ही बोलता कशावर? चौकटीवर, उजेडावर, प्रिंटच्या सफाईवर. ते लाकूड फोडायला कुनी लावलं, यावर तुमची दातखीळ!

‘फँड्री’च्या (२०१३) शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतो. तुम्ही तो झेलला, पुसला, कपाटात मांडला.

आन् जे जपलंच नाही त्याचं काय? मलयाळमचा पहिला मूकपट ‘विगतकुमारन’. नायिका पी. के. रोझी, दलित बाई. नायर बाईची भूमिका केली म्हणून सवर्णांनी तिला गावातून पळवून लावलं. त्या सिनेमाची प्रिंट आज शिल्लक नाही. कुठल्या डिस्कवर शोधाल तिला?

दोस्तांनो, आता आपणबी जमवू. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) आधी. १९९७ साली रमाबाईनगरात गोळीबारानं दहा जीव घेतले, त्याची ती साक्ष. डिस्क असो की पेनड्राईव्ह, समाजमंदिरात चादर टांगा. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना पुढं बसवा. पिक्चर मधीच थांबवा आन् भांडा : राबतंय कोन, राबवतंय कोन, कॅमेरा कुनाच्या हातात?