पंचनाम्यानंतर उरलेली घरे

बीड जिल्ह्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की शासनयंत्रणा हलते, हे मान्य केले पाहिजे. पोलीस येतात, तलाठी येतो. सातबारा, थकबाकीचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल असे कागद जमू लागतात. तहसीलदारांचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो आणि समिती निवाडा करते: पात्र किंवा अपात्र. प्रकरण निकाली निघते. मृताच्या घरात मात्र त्या वेळी जे नुकते सुरू झालेले असते, त्याच्याशी या यंत्रणेला कसलेही कर्तव्य उरत नाही. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार 2023 या एका वर्षात मराठवाड्यात 1,088 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील 269 एकट्या बीडमधील, आठही जिल्ह्यांत सर्वाधिक. त्या घरांत मागे राहिलेल्यांकडे महाराष्ट्र ज्या निष्ठुर बेफिकिरीने पाहतो आहे, ती बेफिकिरी पुढच्या दशकातील मृत्यूंची पेरणी करीत आहे.

या व्यवस्थेचा पाया 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयात आहे. मदत एक लाख रुपये. त्यांतले तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. अट अशी की जमीन मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावे असावी, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे, ते थकलेले असावे आणि वसुलीचा तगादा सिद्ध व्हावा. परवाना नसलेल्या सावकाराने ज्याला नागवले, त्याचे मरण अपात्र ठरण्याचीच शक्यता अधिक; बेकायदा सावकारीकडे कानाडोळा केल्याची शिक्षा शासन स्वतःला नव्हे, मृताच्या विधवेला देते. आणि बीड तर ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल हेच त्यांचे कर्ज. तिला ना बँकेचा शिक्का, ना सावकाराची पावती. भूमिहीन तोडकऱ्याने जीव दिला तर शासनाच्या लेखी शेतकरीही मेला नाही आणि कर्जदारही मेला नाही.

उचलीचा हिशेब मात्र मरणाने थांबत नाही. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा गेला की बाई अर्धा कोयता उरते आणि उचल मात्र पूर्ण फेडायची राहते. ज्यांच्याकडे चार एकर कोरडवाहू आहे, त्यांची स्थिती फार निराळी नाही. महिला किसान अधिकार मंच या संघटनेने 2018 साली मराठवाडा आणि विदर्भातील अकरा जिल्ह्यांत 505 शेतकरी विधवांची पाहणी केली. 2012 नंतर पती गमावलेल्या या स्त्रियांपैकी 40 टक्क्यांच्या नावे पती कसत असलेली जमीन तोवर झालेली नव्हती. राहत्या घरावर हक्क मिळाला होता तो जेमतेम 35 टक्क्यांना. सासरचे भाऊबंद फेरफार अडवतात, माहेर आठ दिवसांत परत धाडते आणि गाव तिला पांढऱ्या पायाची ठरवून मोकळे होते. नवऱ्याचे काय बिनसले होते हे तुला कसे कळले नाही, हा प्रश्न तेराव्याच्या पंगतीतही तिला विचारला जातो. कर्जाचा तगादा लावणारा कोण, हे सिद्ध करायला समिती बसते. या तगाद्याची नोंद कोण घेणार?

आत्महत्येने येणारा शोक हा इतर शोकांसारखा नसतो. त्यात अपराधभाव असतो, लाज असते, मृतावरचा राग असतो आणि त्या रागाचीही पुन्हा लाज असते. लॉस एंजलिसमध्ये 1958 साली आत्महत्या प्रतिबंध केंद्र उभारणाऱ्यांपैकी एक, मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी अर्ध्या शतकापूर्वीच सांगून ठेवले की मागे राहिलेल्यांची शुश्रूषा म्हणजे पुढच्या पिढीतील आत्महत्यांचा प्रतिबंध. नंतरच्या संशोधनाने त्यांचे म्हणणे आकड्यांनी भक्कम केले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2016 साली ब्रिटनमधील 3,432 तरुणांच्या अभ्यासातून दाखवले की ज्यांचे जिवलग आत्महत्येने गेले, त्यांनी स्वतः तसा प्रयत्न केलेला असण्याची शक्यता, अकस्मात नैसर्गिक मृत्यूने जिवलग गमावलेल्यांपेक्षा 65 टक्क्यांनी अधिक असते. मग मृत रक्ताच्या नात्यातला असो वा मित्र. एका आत्महत्येची झळ सरासरी 135 परिचितांपर्यंत पोहोचते, असा अमेरिकेतील एका अभ्यासाचा अंदाज आहे. अख्खे गाव एकमेकांना नावानिशी ओळखते अशा ठिकाणी तो कमीच भरावा. तरीही त्या हिशेबाने बीडमध्ये 2023 या एका वर्षात छत्तीस हजारांहून अधिक माणसे या झळेत आली. ही जोखीम मोजता येते, म्हणून ती टाळताही येते. टाळायची असेल तर आधी त्या माणसांच्या दारात जावे लागते, आणि आपली यंत्रणा ते दार केवळ पंचनाम्यासाठी ठोठावते.

कारणे शेतीच्या अर्थकारणात की माणसाच्या मनात, हा वाद विद्वानांनी यथेच्छ घातला आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा उच्च न्यायालयाला सादर झालेला 2005 चा अहवाल आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा 2006 चा अहवाल यांनी कर्ज, भाव आणि सिंचन यांची दुरवस्था निःसंदिग्धपणे मांडली. अंबाजोगाईचे अमर हबीब आणि त्यांचे किसानपुत्र आंदोलन शेतकरीविरोधी कायद्यांकडे बोट दाखवीत दरवर्षी 19 मार्चला अन्नत्याग घडवून आणते. ते खरे आहेच. परंतु कायदे बदलेपर्यंत आज रात्री अंथरुणावर टक्क जागी असलेल्या बाईने कुणाशी बोलायचे, याचे उत्तर कोणत्याही अर्थशास्त्रात नाही.

उत्तर अज्ञात आहे, असेही नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन खिन्नतेविषयी बोलायला सुरुवात केली आणि नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. 2017 साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शासनानेही 2015 साली चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात बीड होते. आशा कार्यकर्तीच्या हाती प्रश्नावली दिली गेली. त्याच वर्षीच्या ‘बळीराजा चेतना अभियाना’साठी यवतमाळ आणि उस्मानाबाद निवडले गेले, बीड वगळले गेले. आशाताईंकडे लसीकरण आहे, बाळंतपणे आहेत, असंख्य सर्वेक्षणे आहेत. त्यात मनाचेही एक सर्वेक्षण वाढवून सरकारने आपले मन हलके करून घेतले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 29 आत्महत्या कमी करण्याचे कार्यक्रम आखण्याचे कर्तव्य सरकारवर टाकते. कलम 115 प्रयत्नातून वाचलेल्याला उपचार आणि पुनर्वसन देण्यास सांगते. ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक 2022 पासून चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे, मराठीत बोलता येते, आणि जो कुणी आज खचला असेल त्याने तो अवश्य फिरवावा. तो किती ग्रामपंचायतींच्या भिंतीवर रंगवलेला आहे, हे आमदारांनी आपल्या मतदारसंघात एकदा पाहून यावे. स्वतःचे फलक लावायला त्यांना भिंती सापडतातच.

श्रीलंकेने आणखी एक धडा दिला आहे. अतिविषारी शेती-औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर 1995 ते 2015 या काळात तिथला आत्महत्यांचा दर सुमारे 70 टक्क्यांनी उतरला. तिथेच हजारो घरांत कुलूपबंद पेट्या वाटून पाहिल्या, त्याने फरक पडला नाही, बंदीने पडला. संकटाचा तो एक प्रहर टळला की बहुतेक माणसे जगतात. आपल्या केंद्र सरकारने मे 2020 मध्ये 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला आणि 2023 मध्ये प्रत्यक्ष बंदी उतरली ती मोजक्यांवर. उर्वरितांसाठी कुणाचे हित सांभाळले गेले, हे सांगण्याची गरज नाही.

आणि राजकारण? आरक्षणाच्या आंदोलनांत आणि 2024 च्या लोकसभा निकालानंतर या जिल्ह्याने तरुणांच्या आत्महत्या पाहिल्या. नेते सांत्वनाला गेले ते कॅमेरे घेऊन. मृत्यूला बलिदानाचे वलय चढवले गेले, चिठ्ठ्या समाजमाध्यमांवर फिरल्या. उदात्तीकरणाने आत्महत्या संसर्गासारखी पसरते, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली; किती वृत्तपत्रे आणि वाहिन्या ती पाळतात, हे वाचक रोज पाहतात.

म्हणून मागणी मोघम नाही. प्रत्येक मृत्यूनंतर पंधरा दिवसांत प्रशिक्षित समुपदेशकाची भेट, आणि तिचा अहवाल आल्याखेरीज जिल्हा समितीने फाईल बंद करू नये. पात्र-अपात्र हा भेद या भेटीला लागू नसावा. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाचा प्रतिनिधी त्या समितीवर हवा. तलाठ्याने वारसनोंद विधवेच्या दारात येऊन वर्षश्राद्धापूर्वी पूर्ण करावी. 2006 पासूनचे सारे अहवाल, नावे झाकून, संशोधकांना खुले व्हावेत; एकाच घरातून दुसरे मरण किती वेळा आले, हे वीस वर्षांच्या दप्तरातून शोधता येईल. पैसा नाही ही सबब चालणार नाही, कारण अमरावतीत हे काम गावकऱ्यांनीच केले होते. पहिल्या भेटींची यादी करायला फार विचार नको. 2006 साली तीस हजारांचा धनादेश ज्या घरांत गेला, तिथली पाच-सहा वर्षांची मुले आज पंचविशीत आहेत; तीच जमीन कसतात, त्याच सोसायटीचे कर्जदार आहेत. पीककर्जाच्या वसुलीचा मार्च येण्याआधी त्यांच्याकडे जावे.