म्हणे, लायक बायका मिळत नाहीत!

युरोपीय कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी स्त्री-पुरुषांनो,

तुमच्यातलं कुणी म्युनिकला असेल, कुणी लंडनला, कुणी ॲमस्टरडॅमला. कुणी चाकणच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या ऑफिसात बसून त्याच कंपन्यांचं काम करत असेल. तुमचा विभाग ठेवायचा की विकायचा, वरच्या जागी कुणाला आणायचं, हे ज्या टेबलाभोवती ठरतं तिथे कोण बसतं याच्याशी तुमचा थेट संबंध आहे. तिथे बायका इतक्या कमी का, असं विचारलं की उत्तर तयार असतं: "आमची कुठे ना आहे? पण लायक बायकाच मिळत नाहीत." हे उत्तर खोटं आहे, आणि ते देणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे.

पुरावा नॉर्वेचा. २००२ साली तिथल्या सार्वजनिक मर्यादित कंपन्यांच्या संचालकांत बायका शंभरात सहा-सात. उद्योगमंत्री होते आन्सगार गाब्रिएलसेन, पक्ष काँझर्व्हेटिव्ह, म्हणजे उद्योगपतींना आपला वाटणारा. मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांनाही आगाऊ कल्पना न देता त्यांनी एका वर्तमानपत्राला सांगून टाकलं की संचालक मंडळांत किमान ४० टक्के बायका हव्यात, कायदा आणतो. उद्योगजगतात बोंबाबोंब झाली. २००३ च्या अखेरीस संसदेने कायदा केला, पण कंपन्यांना एक संधी दिली: २००५ च्या मध्यापर्यंत स्वखुशीने आकडा गाठा, सक्ती लागू करणार नाही. आकडा गाठला गेला नाही. मग २००६ पासून सक्ती आली, जुन्या कंपन्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली, आणि मुदत चुकवणाऱ्याला शिक्षा अशी की कंपनीच विसर्जित. २००८ साली आकडा ४० टक्क्यांवर पोचला. त्या शिक्षेने एकही कंपनी बंद करावी लागली नाही.

२००५ साली न सापडणाऱ्या बायका २००८ साली कुठून उगवल्या? तीन वर्षांत कुणी जन्माला येऊन, शिकून, वीस वर्षांचा अनुभव घेऊन येत नाही. त्या होत्याच. बँकांत होत्या, वकिलीत होत्या, सरकारी खात्यांत होत्या; त्यांना कुणी फोन केला नव्हता, इतकंच. कायद्याला विरोध करणाऱ्या मालकसंघटनेनेच २००३ पासून होतकरू बायका हुडकून त्यांना संचालकपदासाठी तयार करण्याचा कार्यक्रम चालवला, तेव्हा शोधायला गेलं की सापडतात हे विरोधकांनाही कळलेलं होतं. पुढे अर्थतज्ज्ञांनी तपासणी केली. कोट्यामुळे आलेल्या बायका आधीपासून मंडळांवर असलेल्या बायकांपेक्षा बऱ्याच बाबतींत अधिक पात्र निघाल्या. दर्जा घसरणार म्हणून छाती पिटणाऱ्यांनी त्यावर काही बोलल्याचं आमच्या वाचनात नाही.

एक टोमणा मात्र त्यांनी शोधून काढला. मोजक्याच बायका अनेक मंडळांवर बसतात म्हणून त्यांना 'सोनेरी स्कर्ट' म्हणायला सुरुवात झाली. चार-पाच कंपन्यांच्या खुर्च्या एकट्याने अडवणारे पुरुष युरोपात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या पँटचा रंग कुणी विचारला नाही.

आता ब्रिटन पाहा. तिथे सक्तीचा कायदा नाही, आणि 'बघा, कायद्याविना झालं' असं म्हणणाऱ्यांचा तो आवडता दाखला. २०११ साली तिथल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या संचालकांत बायका साडेबारा टक्के होत्या, २०१५ साली पाव हिश्शाच्या वर गेल्या, पुढे आणखी वाढल्या. खरं आहे. पण हे होत असताना सरकार आकडे जाहीर करत होतं, पाठपुराव्याला एकामागून एक समित्या बसत होत्या, आणि 'नाही जमलं तर कोटा आणू' ही तलवार डोक्यावर टांगती होती. याला स्वखुशी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. शिवाय मे २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारनेच बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनी दिलेल्या सबबी, नावं झाकून, छापल्या. कुणी म्हणालं, संचालक मंडळाच्या वातावरणात बायका रुळत नाहीत. कुणी म्हणालं, बहुतेक बायकांना ही कटकट नकोच असते. चांगल्या बायका आधीच दुसऱ्यांनी पळवल्या, असं एकाचं रडगाणं. आमच्यापुढचे विषय फार गुंतागुंतीचे, असा एकाचा मोठेपणा. आणि आमचा सर्वांत आवडता: आमच्याकडे एक बाई आहे, आमचं झालं, आता दुसऱ्यांची पाळी! ही माणसं मागासलेली होती असं समजू नका. यांच्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत समान संधीवर एक गुळगुळीत पान असणारच.

स्वखुशीचा इतिहासच असा आहे. जर्मन सरकार आणि उद्योगसंघटना यांच्यात २००१ साली समान संधीचा ऐच्छिक करार झाला. त्यानंतर कायदा यायला २०१५ साल उजाडलं. मधली चौदा वर्षं करार फाइलमध्ये सुखाने नांदला. स्पेनने २००७ साली ४० टक्क्यांचं लक्ष्य कायद्यातच लिहिलं, पण न पाळणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही. २०१५ ची मुदत आली तेव्हा बड्या कंपन्या निम्म्या वाटेवर होत्या. ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाच्या विव्हियन रेडिंग यांनी २०११ च्या मार्चमध्ये युरोपभरच्या कंपन्यांपुढे एक प्रतिज्ञापत्र ठेवलं, आम्ही आपणहून बायकांना संचालक मंडळावर आणू असं. वर्षभरात सह्या किती कंपन्यांनी केल्या? चोवीस. अख्ख्या युरोपात.

जर्मनीवर थोडं थांबायला हवं, कारण चाकण आणि पुण्यातल्या कितीतरी जणांचे वरिष्ठ तिथे बसतात. जर्मन मोठ्या कंपनीत दोन मंडळं असतात: देखरेख करणारं पर्यवेक्षक मंडळ आणि रोजचा कारभार हाकणारं कार्यकारी मंडळ. २०१५ च्या कायद्याने शंभरेक बड्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांत ३० टक्के बायका सक्तीच्या केल्या. शिक्षा साधी होती. बाईच्या जागी पुरुष नेमलात तर ती नेमणूक रद्द, खुर्ची रिकामी ठेवा. खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत, बायका आल्या. कार्यकारी मंडळासाठी मात्र कायदा म्हणाला, तुमचं लक्ष्य तुम्हीच ठरवून कळवा. तेव्हा अनेक कंपन्यांनी गंभीरपणे कागदावर लिहून दिलं: लक्ष्य, शून्य. त्याच काळात, २०१७ साली, ऑलब्राइट या संस्थेने मोजून दाखवलं की बाजारात नोंदलेल्या जर्मन कंपन्यांच्या कार्यकारी मंडळांत जितक्या बायका आहेत त्याहून थॉमस आणि मिखाएल या दोन नावांचे पुरुष जास्त आहेत. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एकाच कंपनीच्या दोन मंडळांत हा फरक. जिथे शिक्षा तिथे बायका सापडल्या, जिथे मर्जी तिथे थॉमस सापडला.

त्या कार्यकारी मंडळांत पोचलेल्या थोड्याथोडक्या बायकांचं काय झालं तेही ऐका. सॅप या कंपनीत जेनिफर मॉर्गन २०१९ च्या ऑक्टोबरात सह-सीईओ झाल्या. २०२० च्या एप्रिलात पायउतार. वेस्टविंगच्या सहसंस्थापक डेलिया लाखान्स यांना २०२० साली बाळंतपणासाठी स्वतःच उभ्या केलेल्या कंपनीच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा द्यावा लागला, कारण जर्मन कंपनी कायद्यात मंडळाच्या सदस्याला रजा ही गोष्टच नव्हती. पद ठेवायचं तर जबाबदारीही अंगावर, मग बाळ दोन दिवसांचं का असेना. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गरोदर संचालक कधी आलाच नसणार! त्यावर काही बायकांनी मोहीम चालवली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक काळ बाजूला होऊन परत येण्याचा हक्क मिळाला. तोही आजारी माणसाला, आईबापांची शुश्रूषा करणाऱ्याला, बाप झालेल्याला, सगळ्यांना. त्याच दुरुस्तीने आणखी एक नियम आला: अशा बड्या कंपन्यांचं कार्यकारी मंडळ तिघांहून मोठं असेल तर त्यात किमान एक बाई हवी. एक! तरी त्यासाठी केवढी रणधुमाळी झाली. आणि जर्मनीच्या आघाडीच्या शेअर निर्देशांकातली एखादी कंपनी एकटी सांभाळणारी पहिली बाई, मर्कच्या बेलेन गारिखो, खुर्चीवर बसल्या त्या २०२१ च्या मे महिन्यात.

मुख्य भांडण या कारभाराच्या खुर्च्यांचं आहे, आणि कोट्याच्या बाजूचे लोकही ते टाळतात. फ्रान्सने २०११ च्या कायद्याने २०१७ पर्यंत संचालक मंडळांत ४० टक्के बायका आणण्याची सक्ती केली. त्याआधी २००६ साली असाच प्रयत्न तिथल्या घटना परिषदेने रद्द केला होता, म्हणून २००८ साली राज्यघटनाच दुरुस्त केली. नियम मोडला तर नेमणूक रद्द आणि संचालकांचा बैठकीचा भत्ता बंद. भत्त्याला हात लागल्यावर माणूस किती चटकन सुधारतो! आज फ्रान्स युरोपीय संघात सर्वांत पुढच्या देशांत आहे. पण २०२० च्या फेब्रुवारीत एंजी कंपनीने इझाबेल कोशे यांची मुदत वाढवली नाही आणि पॅरिस बाजारातल्या पहिल्या चाळीस कंपन्यांत सीईओपदावर कायम नेमलेली एकही बाई उरली नाही. मंडळात ४० टक्के, मुख्य खुर्चीवर तेव्हा शून्य. नॉर्वेतल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: मंडळावर बायका आल्या, पण त्याने खालच्या फळीतल्या बायकांना वर यायला फारशी मदत झाली नाही. कोट्याचे विरोधक हा निष्कर्ष आनंदाने फडकवतात. आम्हीही फडकवतो. कायदा जिथवर पोचला तिथवर बायका पोचल्या, तो थांबला तिथे थांबल्या, असाच त्याचा अर्थ होतो.

संचालक मंडळातल्या बहुतेक बायका बिगर-कार्यकारी आहेत. वर्षातून काही बैठकांना येतात, कागद वाचतात, प्रश्न विचारतात, सही करतात. काम महत्त्वाचं आहे, पण कारखाना, विक्री आणि पैसा त्यांच्या हाताखाली नसतो. सीईओ तर तीच खाती सांभाळून तयार होतो. युरोपीय संघातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांत संचालकांपैकी साधारण एक तृतीयांश बायका आहेत, सीईओंत दहात एकही नाही.

आणि युरोपीय संघाने काय केलं? २०१२ च्या नोव्हेंबरात मांडलेला कोट्याचा प्रस्ताव सदस्यदेशांच्या सरकारांनी दहा वर्षं अडवून धरला. अडवणाऱ्यांत जर्मनी होती, ब्रिटन होता. २०२२ च्या नोव्हेंबरात तो मंजूर झाला. ३० जून २०२६ ही मुदत. बिगर-कार्यकारी संचालकांत ४० टक्के किंवा सर्व संचालकांत ३३ टक्के बायका, यांतलं काय निवडायचं ते देशाने ठरवायचं. सोपा पर्याय कोणता ते सांगायला नको. अडीचशेहून कमी नोकर असलेल्या छोट्या-मध्यम कंपन्या वगळल्या. ज्या देशात आधीच बरी स्थिती आहे त्याला सूट. शिक्षेचा रोख निवडीची पद्धत पाळली की नाही यावर, आकडा गाठला की नाही यावर नव्हे. एवढं मऊ करूनही बऱ्याच देशांनी तो आपापल्या कायद्यात वेळेवर आणला नाही, आणि २०२५ च्या जानेवारीत आयोगाला नोटिसा काढाव्या लागल्या.

हे सगळं वाचून आपण परके प्रेक्षक आहोत असं कुणाला वाटायला नको. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना एक तरी बाई संचालक सक्तीची केली, तेव्हा कितीतरी प्रवर्तकांनी बायकोचं किंवा मुलीचं नाव घालून मोकळीक मिळवली. पुढे सेबीने मोठ्या कंपन्यांना स्वतंत्र महिला संचालक नेमायला लावली तेव्हा कुठे ती वाट अरुंद झाली. आणि महाराष्ट्रात ग्रामपंचायतींत बायकांना जागा राखून दिल्या तेव्हाही 'गावात लायक बाई कुठे आहे' हेच ऐकलं होतं, शब्दसुद्धा फारसे वेगळे नव्हते.

आमची मागणी युरोपभर एकच असावी, आणि ती फ्रान्सने आधीच अर्धी लिहून ठेवली आहे. तिथल्या २०२१ च्या कायद्याने एक हजार किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांना वरिष्ठ अधिकाऱ्यांत आणि कार्यकारी समित्यांत २०२६ पर्यंत ३० आणि २०२९ पर्यंत ४० टक्के बायका सक्तीच्या केल्या. पाळलं नाही तर पगारखर्चाच्या एक टक्क्यापर्यंत दंड. हाच नियम ब्रसेल्सने सगळ्या देशांना लावावा, आणि दंड पहिल्या चुकीपासूनच घ्यावा, सवलतीची वर्षं न देता.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. तुमच्यापैकी अनेकांकडे कंपनीच्या योजनेतून मिळालेले शेअर आहेत. जर्मनीत एक शेअर असलेल्या भागधारकालाही वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. सभेची नोटीस आली की ती कचऱ्यात टाकू नका. जाऊन किंवा ऑनलाइन हजर राहून विचारा: कार्यकारी मंडळात बायका किती? कारखाने, विक्री आणि वित्त यांतलं कोणतं खातं बाईकडे आहे? पुढच्या वर्षी जी खुर्ची रिकामी होणार आहे तिच्यासाठीच्या यादीत बायकांची नावं किती आहेत, आणि ती यादी कुणी केली? उत्तरात "लायक उमेदवार" हे शब्द आले तर लगेच पुढचा प्रश्न टाका: किती बायकांना विचारलंत, आणि कधी? आणि उत्तर नाकारलं, तर तुमचा प्रश्न आणि नकाराचं कारण सभेच्या इतिवृत्तात नोंदवायला लावूनच उठा.