आधी पाहणी, मग फवारणी

शेतीचा शोध माणसाने लावला, असे आपण मानतो. पण मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही मुंग्या कोट्यवधी वर्षांपासून बुरशीची शेती करत आहेत. त्यांतल्या ‘अ‍ॅक्रोमायरमेक्स’ प्रजातीच्या मुंग्या पाने कापून वारुळात नेतात, चावून त्यांचा लगदा करतात आणि त्यावर बुरशी वाढवतात. त्यांच्या अळ्या याच बुरशीवर पोसल्या जातात. आपल्याकडे या मुंग्या नाहीत. पण यवतमाळच्या मातीतली वाळवी हाच उद्योग करते. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या, चवीने खाल्ल्या जाणाऱ्या सात्या म्हणजे तिच्याच बुरशीचे पीक.

एकच पीक सतत घेतले की रोग येणारच. मुंग्यांच्या बागेत ‘एस्कोव्हॉप्सिस’ नावाची परजीवी बुरशी शिरते. मुंग्या आधी बाग चाटून-पुसून रोगाचे बीजाणू वेचतात. लागण झालेला तुकडा कापून बाहेर टाकतात. याच्या जोडीला औषधही असते. कॅमेरून करी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की या मुंग्यांच्या अंगावर वाढणारे जीवाणू परजीवी बुरशीला रोखणारे प्रतिजैविक तयार करतात. म्हणजे औषध आहे. पण त्याच्या भरवशावर निंदणी थांबत नाही.

आपल्या कापसाच्या शेतीत नेमके उलटे झाले. बोंडअळीवरचा उपाय म्हणून २००२ मध्ये बीटी कापूस आला. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पचवू लागली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने हाहाकार माजवला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, एकात एक मिसळलेली कीटकनाशके आणि अंगावर साधा सदरा, असे ते चित्र होते.

कीड दिसो न दिसो, पंप पाठीवर घेण्याची सवय आता मोडायला हवी. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली दिसली, तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी करावी, असा कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला आहे. डोमकळ्या वेचून नष्ट करणे आणि फरदड न घेणे ही आपली निंदणीच आहे.

मात्र मुंग्यांच्या वारुळात निंदणीला हजारो जणी असतात. आपल्या शेतकऱ्याला वेचणीलाही मजूर मिळत नाही. त्यामुळे सगळा भार त्याच्यावर टाकून चालणार नाही. सापळे हंगामाच्या सुरुवातीलाच गावात पोहोचले पाहिजेत. कृषी सहायक बांधावर दिसला पाहिजे. कोणते औषध घ्यायचे, हा सल्ला दुकानदाराऐवजी त्याच्याकडून मिळाला पाहिजे. मजुराला हातमोजे, मास्क आणि चष्मा देणे ही मालकाची जबाबदारी मानली गेली पाहिजे.

आणि तरीही विषबाधा झालीच तर? खूप घाम, तोंडाला लाळ, मळमळ, अंधुक दिसणे, धाप लागणे ही लक्षणे दिसताच काम थांबवावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी घेऊन थेट रुग्णालय गाठावे. कोणते विष अंगात गेले हे डॉक्टरांना लगेच कळले, तर उपचाराची दिशा लवकर ठरते. ‘रात्री झोपलो की बरे वाटेल’ असे म्हणून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.