बियाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर?



एकोडीच्या बांध्यांत ज्यांनी अजून चिनोर राखला आहे, त्यांच्यात एक वाद नेहमीचा. एकाचा धान उंच आणि उशिरा निसवणारा, दुसऱ्याचा ठेंगणा. दोघेही छातीठोक सांगतात, खरा चिनोर माझाच. डोळ्यांनी हा निकाल लागत नाही. पाणी, माती, शेणखत बदलले की एकाच बियाण्याचे रूप बदलते.

आता प्रयोगशाळेत तो लागू शकतो. धानाच्या कोवळ्या पानातून डीएनए काढतात. त्याच्या धाग्यावर ठिकठिकाणी दोन-तीन अक्षरांचे तुकडे पुन्हा पुन्हा आलेले असतात. ते कुठे किती वेळा आले, हे वाणागणिक बदलते. अशा खुणांची बरीच ठिकाणे ताडून पाहिली की दोन धानांचे नाते किती जवळचे, ते कळते. बांधी तलावाखालची असो की कोरडवाहू, या खुणा बदलत नाहीत.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नुसत्या सुवासाच्या जनुकावरून वाण ओळखता येत नाही. बासमतीत त्या जनुकातली आठ अक्षरे गळालेली आहेत, तशीच ती इतर अनेक सुवासिक धानांतही गळालेली आहेत. दुसरे असे की देशी वाण एकजिनसी नसतो. एकच लोंबी तपासायला दिली तर उरलेली विविधता कागदावर येणारच नाही. घरोघरच्या बांधीतून, निदान पन्नास झाडांचे बी घ्यावे.

बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, भंडारा चिनोरच्या नावानेही मानांकन झाले. या दोघांचे नाते काय, ते मानांकनाचा कागद सांगत नाही.

पण आमचा खरा मुद्दा वेगळा आहे. डीएनए नाते सांगतो, मालकी सांगत नाही. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवा. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या निवडून त्यांनी एचएमटी वाण उभा केला. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी प्रसारित केला. मूळ वाण कोणाचा आणि शुद्धीकरण कोणाचे, यावर वाद झाला. दादाजींचे मूळ बी तारखेनिशी, खुणांनिशी त्यांच्याच नावाने कुठे नोंदलेले असते, तर हा वाद टेबलावर कागद ठेवून मिटला असता. दादाजी २०१८ मध्ये गेले.

रायपूरचे उदाहरणही जवळचेच. तेथील कृषी विद्यापीठाकडे डॉ. रिछारियांच्या काळात गावोगावहून गोळा झालेल्या हजारो धानांचा साठा आहे. २००२ मध्ये त्याबाबत सिंजेंटा कंपनीशी कराराचे ठरत होते. लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला, तेव्हा कंपनी मागे सरली. ज्यांच्या ढोलीतून ते धान गेले होते, त्यांना कोणी विचारले होते काय?

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. तपासणी जरूर व्हावी, साकोलीच्या संशोधन केंद्राने हे काम हाती घेतले तर आम्ही स्वतः नमुने गोळा करून देऊ. पण पावती घेतल्याशिवाय मूठभरही बी द्यायचे नाही. पावतीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, वाण, तारीख आणि नमुना कशासाठी घेतला ते असावे. अहवालाची प्रत गावाला मिळावी. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण विनाशुल्क नोंदवता येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती कपाटात आहे की नाही आणि तिच्यात आपला धान आहे की नाही, हे ग्रामसभेत विचारा.

जिल्हा बैठकीला येताना बी आणू नका, चिठ्ठी आणा. चिनोर, लुचई, दुबराज, काळी कमोद, जे असेल ते लिहा: किती वर्षांपासून पेरता, कोणाकडून आणले, लुगवडीचा धान की घरखाण्याचा. बी कोण निवडते तेही लिहा. बहुतेक घरांत ते काम बायाच करतात, तेव्हा चिठ्ठीवर त्यांचेच नाव येऊ द्या.