ओसरीवरचं शहाणपण

'टू किल अ मॉकिंगबर्ड'चा एक ठरलेला अर्थ सांगितला जातो. छोटी नायिका स्काउट शेवटी शेजारच्या बू रॅडलीच्या ओसरीवर उभी राहते, त्याच्या जागेवरून आपली गल्ली पाहते आणि शहाणी होते. बाप ॲटिकसने दिलेला, दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याचा धडा लेकीने गिरवला, झालं! हार्पर ली यांची १९६०ची कादंबरी इतकी सोपी असती तर ती पाठ्यपुस्तकातच शोभली असती.

ज्याने सुरीहल्ल्याच्या रात्री आपला जीव वाचवला, त्याच्याविषयी माया वाटायला शहाणपण कशाला लागतं? शिवाय बू गोरा आहे. अलाबामातल्या त्या गावात खरी कसोटी खोटा आरोप झालेल्या टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसाच्या खटल्यात लागते, आणि तिथे स्काउट नापास होते. सरकारी वकील टॉमला हिणवत प्रश्न विचारतो, ते ऐकून तिचा मित्र डिल याला रडू कोसळतं. स्काउट त्याची समजूत घालते ती अशी, की अखेर टॉम काळाच तर आहे. टॉमचा बचाव करणाऱ्या ॲटिकसच्या घरात वाढलेली पोर हे बोलते! गुणगान करणारे नेमकं हेच पान उलटून पुढे जातात.

म्हणून मला ओसरीपेक्षा तिसरीचा वर्ग मोलाचा वाटतो. गेट्सबाई फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'लोकशाही' लिहितात, हिटलर ज्यूंना छळतो म्हणून हळहळतात. याच बाई कोर्टाबाहेर पडताना काळ्यांना धडा शिकवायलाच हवा होता असं म्हणाल्या होत्या, ते स्काउटने ऐकलेलं असतं. ती दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. भाऊ जेमला विचारते, तर तो तिची कॉलर धरून गदागदा हलवतो, कोर्टाचं नाव काढू नकोस म्हणून ओरडतो. ॲटिकसकडे जाते, तर तो जेमविषयी बोलतो. बाईंचं कोडं तसंच राहतं.

तुरुंगातून पळू पाहणाऱ्या टॉमला १७ गोळ्या लागतात आणि आपण गोऱ्या मुलीची वाढ मोजत बसतो, हा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. खोडूही नये. एवढंच, की लीबाईंनी ही वाढ गोड करून दाखवलेली नाही. खटल्यानंतर एका रात्री स्काउट अंगाचा गोळा करून पडलेला किडा चिरडायला हात उगारते. त्याने तुझं काय बिघडवलंय, म्हणत जेम तिला अडवतो. हा दिवसेंदिवस बायकी होत चाललाय, असं मनात म्हणत ती किडा उचलून पायरीवर ठेवते.