अ‍ॅपचे लॉग 180 दिवस जपायचे, पण सगळेच डेटाबेसमध्ये कशाला?

ऑनलाइन पेमेंट अडकले, तिकीट बुक होता होता राहिले, की कंपनीतला इंजिनिअर आधी 'लॉग' उघडतो. अ‍ॅपने कधी काय केले, कुठे अडले, याची ती रोजनिशी असते. कंपन्यांसाठी ती जपणे आता ऐच्छिक राहिलेले नाही.

नियम काय?
केंद्राच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग 180 दिवस ठेवावे लागतात.

अडचण कुठे येते?
साधी नोंद एका ओळीची असते. पण सर्व्हरकडे आलेली विनंती, त्याचे उत्तर आणि एररचा तपशील असे सगळे लिहिले, की एकच नोंद 10 केबीची होऊ शकते. समजा, अशा रोज 10 लाख नोंदी झाल्या, तर दिवसाला 10 जीबी आणि 180 दिवसांत 1,800 जीबी! पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे पान 8 केबीचे असते. त्यात न मावणारा मजकूर आकुंचित करून किंवा तुकडे पाडून वेगळ्या टेबलमध्ये जातो. मायएसक्यूएलच्या 'टेक्स्ट' कॉलममध्ये 65,535 बाइटच बसतात. ग्राहकांचे व्यवहार सांभाळणाऱ्या डेटाबेसवरच हा भार टाकला, तर बॅकअप फुगतो आणि अ‍ॅप मंदावू शकते.

मग उपाय?
डेटाबेसमध्ये वेळ, एररचा प्रकार, व्यवहार क्रमांक आणि फाइल कुठे आहे एवढेच ठेवायचे. मोठा मजकूर कॉम्प्रेस करून स्वस्त फाइल स्टोरेजमध्ये टाकायचा. टेबलचे दिवसवार भाग केले, तर मुदत संपलेल्या दिवसाचा भाग एका कमांडने काढता येतो. लाखो ओळी एकेक करून पुसाव्या लागत नाहीत.

तुमचा संबंध काय?
मे 2018 मध्ये ट्विटरने आपल्या 33 कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड जसेच्या तसे लिहिले जात होते. पासवर्ड उघड स्वरूपात साठवल्याबद्दल फेसबुकची मालक कंपनी मेटाला आयर्लंडच्या नियामकाने सप्टेंबर 2024 मध्ये 9.1 कोटी युरोंचा दंड केला.

म्हणूनच पासवर्ड, आधार आणि कार्ड क्रमांक लॉगमध्ये उतरण्याआधीच झाकले पाहिजेत. 180 दिवस जपलेला लॉग तपासाला कामी येतो. त्यात कार्ड क्रमांक असतील, तर तो चोरालाही तितकाच कामी येईल.